श्वास आणि चाल

मनुष्याचें बळ आपण बहुधा त्याच्या हातापायांवरून मोजतों. परंतु सातपुड्यांतील चढ चढणाऱ्याचें बळ जितकें पायांत, तितकेंच छातींत असतें. धडगांवच्या आसपासचे पाडे टेकड्यांवर विखुरलेले आहेत. पाणी, सरपण, बाजार, दवाखाना, कशासाठींही निघालें तरी चढउतार चुकत नाहीं. अशा प्रदेशांत ज्याचा श्वास अपुरा पडला, त्याचें अर्धें जग तुटलें म्हणून समजावें. यास्तव फुफ्फुसांचा एक सामान्य रोग व चालण्याची शक्ति यांचा संबंध पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या रोगास 'सीओपीडी' म्हणतात. लोक यासही दमाच म्हणतात. परंतु दम्यांत श्वासनलिकांचा संकोच पुष्कळदां सुटतो, यांत तो पूर्णपणें सुटत नाहीं. नलिका सुजून अरुंद होतात आणि हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची लवचिकता नाहींशी होते. विडीचा धूर हें याचें प्रसिद्ध कारण होय. पण जन्मांत विडी न ओढलेल्या स्त्रियांसही चुलीच्या धुरानें हा रोग जडतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलें कीं, जगांत तंबाखू ओढणारे सुमारें १ अब्ज, तर लाकूड, शेणी, काडीकचरा यांच्या धुरांत वावरणारे सुमारें ३ अब्ज आहेत.

फुफ्फुसांची शक्ति मोजण्याचें यंत्र, स्पायरोमीटर, लंडनच्या जॉन हचिन्सन यांनीं १८४६ सालीं प्रसिद्धीस आणलें. आज रोग्यास छाती भरून श्वास घेऊन तो जोरानें सोडण्यास सांगतात. नलिका रुंदावणारें औषध हुंगविल्यावरही एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदांत बाहेर पडली, तर मार्गांत अडथळा आहे असें ठरतें.

आतां चालतांना काय होतें तें पाहूं. लोहाराचा भाता पुरता दाबला नाहीं, तर त्यांत नवी हवा शिरत नाहीं. या रोग्याचें तसेंच होतें. चालतांना श्वास जलद होतो, तो सोडण्यास वेळ कमी मिळतो, आणि जुनी हवा आंतच कोंडते. छाती रिकामी नसते, उलट भरलेली असते. म्हणूनच पुढील श्वासास जागा उरत नाहीं. मग रोगी चालणें टाळतो. चालणें सुटलें कीं मांड्यांचे स्नायु दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांनीं थोडें चाललें तरी अधिक धाप लागते. असें हें दुष्टचक्र आहे.

यामुळें यंत्रावरील आंकडा सारखा असलेले दोन रोगी सारखेंच चालतील असें नाहीं. म्हणून चालही निराळी मोजतात. ३० मीटरच्या सपाट वाटेवर रोग्यानें ६ मिनिटें आपल्या गतीनें चालावें. थकल्यास थांबावें, पण घड्याळ थांबवूं नये. आणि किती अंतर झालें तें लिहावें. एवढीच ती परीक्षा.

यांतील आशेची गोष्ट अशी कीं, झिजलेलें फुफ्फुस पूर्ववत् होत नसलें, तरी चाल सुधारते. देखरेखीखालीं निदान ६ ते ८ आठवडे नियमित चालणें, पायांचा व्यायाम, आणि फुंकर घातल्याप्रमाणें ओठ आवळून सावकाश श्वास सोडणें, ही ती रीति. २०१५ सालीं अशा ६५ प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हां ६ मिनिटांच्या चालींत सरासरी सुमारें ४४ मीटरांची वाढ दिसली. शहरांत हें अंतर क्षुल्लक वाटेल; पण पाणवठा व घर यांमधील चढावर तें क्षुल्लक नाहीं.

मात्र प्रत्येक धाप याच रोगाची नव्हे. क्षय, पांडुरोग, आणि आपल्या भागांत आढळणारा सिकलसेल यांमुळेंही धाप लागते. तेव्हां परीक्षेवांचून निदान करूं नये.

विद्यार्थीमित्रहो, सुट्टींत घरीं जाल तेव्हां आईस विचारा कीं, पूर्वीं न थांबतां चढत होतीस ती टेकडी आतां किती वेळां बसून चढतेस? "वय झालें" या उत्तरावर समाधान मानूं नका. तिला सरकारी दवाखान्यांत न्या. घरांत कोणी विडी ओढत असेल, तर ती सोडण्याची विनंति करा. आणि चुलीवरच्या भिंतींत धूर जाण्यास वाट नसेल, तर त्याच सुट्टींत ती पाडून द्या.