मूळ ग्रंथ हरवला, तरी चरित्र कसे उरले?

प्रश्न : पैगंबर मुहम्मदांचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने विस्तृत चरित्र इब्न इसहाक यांचे, असे वाचले. पण त्यांचा मूळ ग्रंथच मिळत नाही, असेही म्हणतात. मग त्यात काय होते हे कळते कसे? आणि घटना घडून शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या चरित्रावर विसंबायचे तरी किती?

उत्तर : मूळ ग्रंथ सलग रूपात मिळत नाही, हे खरे आहे. पण त्या काळी ग्रंथ गुरूसमोर बसून शिकला जाई. गुरू वाचून दाखवी किंवा सांगे, शिष्य उतरवून घेई आणि पुढे शिकवी. इब्न इसहाक यांचे असे अनेक शिष्य होते, आणि ग्रंथ टिकला तो त्यांच्या प्रतींतून. कूफ्याचे अल-बक्काई हे त्यांपैकी एक. त्यांच्याकडून आलेला पाठ इब्न हिशाम यांनी संपादित केला. इब्न हिशाम मूळचे बसऱ्याचे, पण राहिले इजिप्तमध्ये. त्यांचा मृत्यू ८३३ च्या सुमाराचा. आज ‘सीरा’ म्हणून जगभर वाचली जाते ती ही संपादित आवृत्ती.

आपण काय गाळले, हे या संपादकाने प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे. इस्माईल यांच्याआधीचा बराचसा भाग, काव्याच्या जाणकारांना अपरिचित असलेल्या कविता, उच्चारणे अशोभनीय वाटेल असा मजकूर, काही लोकांना क्लेश होतील अशा गोष्टी आणि अल-बक्काईंनी ज्यांची ग्वाही दिली नाही असे वृत्तांत त्यांनी वगळले. जिथे स्वतः भर घातली तिथे ‘इब्न हिशाम म्हणतात’ असे लिहिले. नवव्या शतकातल्या संपादकाची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळेच हजार वर्षांनंतरच्या अभ्यासकाला मूळ मजकूर आणि भर वेगळी काढता येते.

गाळलेले तरी कुठे मिळते? पुष्कळसे तबरींच्या इतिहासात. तबरींकडे (८३९–९२३) हाच ग्रंथ रय शहरातल्या सलमा या दुसऱ्या शिष्याच्या परंपरेने आला होता. एक उदाहरण पाहा. ६२४ मध्ये बद्रची लढाई झाली, तेव्हा पैगंबरांचे काका अब्बास मक्केच्या कुरैश टोळीच्या बाजूने आले होते आणि मुसलमानांच्या हाती कैद झाले. इब्न इसहाक यांच्या नावाने ही हकीकत तबरींनी दिली आहे. इब्न हिशाम यांच्या पाठात ती नाही. त्यांच्या काळात गादीवर असलेले अब्बासी खलिफा याच अब्बासांचे वंशज होते, हे लक्षात घेतले की वगळण्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

आता विसंबण्याचा प्रश्न. त्यासाठी इब्न इसहाक काम कसे करत, हे पाहायला हवे. त्यांचा जन्म ७०४ च्या सुमारास मदिनेत झाला. आजोबा यसार इराकमधल्या ऐन अल-तम्र इथे मुस्लिम सैन्याच्या हाती सापडले आणि गुलाम म्हणून मदिनेत आले. इस्लाम स्वीकारल्यावर ते मुक्त झाले. वडील आणि काकाही जुन्या आठवणी जमवणारे. ज्यांनी पैगंबरांना पाहिले त्यांची मुले-नातवंडे त्याच गावात राहत होती, आणि इब्न इसहाक त्यांच्याकडे जाऊन विचारत.

अशा माहितगारांत फातिमा बिन्त अल-मुन्झिर होत्या. त्या अस्मा यांची नात. अस्मा म्हणजे अबू बक्र यांची मुलगी. पैगंबर मक्का सोडून गुहेत लपले होते तेव्हा त्यांना शिदोरी पोचवणारी. सव्वाशे वर्षांचे अंतर ऐकायला मोठे वाटते, पण इथे मध्ये फक्त आजी आणि नात आहेत. फातिमांचे पती हिशाम इब्न उर्वा मात्र संतापले. ‘हा माणूस माझ्या पत्नीला भेटलाच कधी?’ असा त्यांचा सवाल होता. पुढे धर्मशास्त्री अहमद इब्न हन्बल यांनी इब्न इसहाक यांची बाजू घेतली : ते परवानगी मागून गेले असतील, तिने दिली असेल, पतीला ठाऊक नसेल.

मदिनेचे थोर धर्मशास्त्री मालिक इब्न अनस यांचे तर त्यांच्याशी उघड वैर होते. खैबरसारख्या यहुदी वस्त्यांवरच्या मोहिमांची माहिती इब्न इसहाक यहुद्यांच्या इस्लाम स्वीकारलेल्या वंशजांकडून घेतात, हा एक मोठा आक्षेप. धर्माचा निर्णय द्यायचा असेल तर तो आक्षेप समजण्यासारखा आहे. इतिहास लिहायचा असेल तर पराभूतांच्या घरी जाऊन विचारणे हे मी गुणच मानतो.

बद्रच्या कथनाआधी ते आपल्या माहितगारांची नावे देतात आणि प्रत्येकाने थोडे थोडे सांगितले, ते मी एकत्र गुंफले, असे स्पष्ट लिहितात. हदीस जमवणाऱ्यांना हे रुचले नाही, कारण कोणते वाक्य कोणाचे ते त्यामुळे सुटे करता येत नाही. पण सलग चरित्र लिहायचे तर दुसरा मार्ग कोणता होता? खात्री नसेल तिथे ते ‘असा लोकांचा दावा आहे’ म्हणतात, दोन वृत्तांत जुळत नसतील तर खरे काय ते अल्लाह जाणे, असे लिहून पुढे जातात.

सगळेच सारखे विश्वसनीय नाही. त्यांनी घातलेल्या कवितांवर इब्न सल्लाम अल-जुमही या समीक्षकाने नवव्या शतकातच कोरडे ओढले. आद आणि समूद या लुप्त जमातींच्या नावाने रचना देणे त्यांना मुळीच पटले नाही. उलट, मदिनेत आल्यावर पैगंबरांनी तिथल्या टोळ्यांशी आणि यहुद्यांशी केलेल्या कराराचा मजकूर इब्न इसहाक यांनी दिला आहे, आणि कठोर चिकित्सा करणारे आधुनिक अभ्यासकही तो बहुतांशी अस्सल मानतात. त्याची भाषा जुनी, मांडणी ओबडधोबड आणि नंतरच्या पिढ्यांना सोयीची नसलेली. तेव्हा ग्रंथावर एकच शिक्का मारू नका. प्रत्येक वृत्तांत कोणी सांगितला आणि तो तसा सांगण्यात कोणाचे हित होते, हे तपासा. अहमद इब्न हन्बल यांचेही मत असेच विभागलेले होते : मोहिमांच्या हकीकती त्यांच्याकडून घ्याव्यात, हलाल-हरामसाठी मात्र अधिक भक्कम माणसे हवीत.

इब्न इसहाक पुढे इराकला गेले आणि खलिफा अल-मन्सूर यांच्या आश्रयाने राहिले. ७६७ च्या सुमारास बगदादमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

वाचायचेच असेल तर आल्फ्रेड गियोम यांचे १९५५ चे इंग्रजी भाषांतर घ्या. त्यांनी तबरींकडचे भाग जागच्या जागी परत बसवले आणि इब्न हिशाम यांच्या टिपा शेवटी वेगळ्या काढल्या. यूनुस इब्न बुकैर या आणखी एका शिष्याच्या पाठाचा काही भाग मोरोक्कोतल्या फेज शहराच्या करवियीन ग्रंथालयात जपला गेला होता. तो १९७६ मध्ये छापून आणला तो हैदराबादेत जन्मलेल्या मुहम्मद हमीदुल्लाह यांनी.