रुग्णाची नोंद रुग्णाबरोबर जावी

दवाखान्यातील केसपेपर दिसायला साधा असला, तरी रुग्णाच्या प्रकृतीचा तो इतिहास असतो. हा इतिहास गावात पडून राहिला आणि रुग्ण परगावी गेला, तर ऐन वेळी त्याचा उपयोग होत नाही. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर येथील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी गुजरातमध्ये जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. धानोऱ्यासारख्या गावातील रुग्णाचा तपासणी अहवाल गावच्या दप्तरात आणि रुग्ण मात्र दूर उसाच्या फडावर, अशी स्थिती टाळणे आता शक्य झाले आहे.

सिकलसेलचे उदाहरण

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार होय. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. प्राथमिक विद्राव्यता चाचणीवरून दोष असल्याचे कळते. परंतु ती व्यक्ती केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे पुढील निश्चितीच्या चाचणीनेच ठरते. वाहकाचे जीवन बहुधा सर्वसामान्य असते. रुग्णाला मात्र रक्तक्षय व तीव्र वेदनांचा त्रास होतो आणि श्रम, थंडी वा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे तो बळावतो. म्हणूनच अंतिम अहवाल परगावच्या डॉक्टरांसमोर असणे अगत्याचे ठरते.

नोंद कशी जोडली जाते

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. त्यानंतर २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. या योजनेत नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. सर्वांचे अहवाल दिल्लीतील एखाद्या कोठारात जमा होतात, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. अहवाल ज्या रुग्णालयात तयार झाला, तेथील संगणक प्रणालीतच राहतो. आभा क्रमांकाशी त्याची सांगड घातली जाते आणि रुग्णाने संमती दिल्यावर तो अन्य डॉक्टरांना दिसतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फाइल नुसती अपलोड करून भागत नाही. ती आभाशी जोडली नाही, तर त्या रुग्णालयाबाहेर तिचा उपयोग नाही.

अपलोड करण्याची रीत

प्रथम रुग्णाची ओळख पटवावी. वळवी, वसावे, पाडवी, गावित या आडनावांच्या गावांत एकाच नावाच्या दोन-तीन व्यक्ती सहज आढळतात. म्हणून नावावर विसंबू नये. आभा क्रमांक, जन्मवर्ष व पालकाचे नाव ही तिन्ही पडताळावीत. आभा क्रमांक नसल्यास रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक पाहावा.

दुसरे, कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा स्कॅन करावा. तारीख, प्रयोगशाळेचे नाव व सही वाचता आली पाहिजे.

तिसरे, फाइलला अहवालाचा प्रकार व तपासणीची तारीख दर्शविणारे नाव द्यावे. अपलोड केल्याची तारीख ही तपासणीची तारीख नव्हे.

चौथे, फाइल जतन झाल्यावर ती पुन्हा उघडून पाहावी. इंटरनेट मध्येच खंडित होते, अशा ठिकाणी हा नियम कटाक्षाने पाळावा. मूळ कागद रुग्णाला परत द्यावा.

एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नोंदीत गेल्यास काय घडते, याचा विचार करावा. रुग्णाला वाहक समजून त्याचे उपचार लांबतील आणि वाहकावर नसलेल्या आजाराचा शिक्का बसेल. नोंद नसेल तर डॉक्टर पुन्हा तपासणी करतात. चुकीची नोंद असेल तर तिच्यावर विश्वास ठेवतात. अधिक धोका यातच आहे.

संमती व गुप्तता

आभा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कोणता अहवाल, कोणाला व किती काळ दाखवावा, हे रुग्ण ठरवतो आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. सिकलसेल अहवालाची वाच्यता झाल्यास मुलामुलींच्या विवाहात अडचणी येतात. त्यामुळे असे अहवाल मोबाइलवरील गटांत पाठवू नयेत किंवा त्यांच्या याद्या फलकावर लावू नयेत.

गावाची जबाबदारी

स्थलांतरापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या सुविधेची माहिती द्यावी. शिक्षकांनी पालकांना त्यांच्या बोलीत संमतीचा अर्थ समजावून सांगावा. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही, त्यांना आभा कार्डाची छापील प्रत व अहवालाची छायांकित प्रत सोबत नेण्यास सुचवावे. संगणक हे केवळ साधन आहे. नोंद ज्याची त्याच्याच नावावर बिनचूक चढली, तरच फडावरच्या मजुराला वेळेवर योग्य उपचार मिळतील.