पिनियल ग्रंथी : रचना, पेशी आणि रात्रीचा अंधार

मानवी शरीरातील ज्या ग्रंथीविषयी आख्यायिका पुष्कळ आणि माहिती अल्प आहे, ती पिनियल ग्रंथी होय. ‘तिसरा डोळा’ या नावाखाली तिच्याविषयी बरेच काही सांगितले जाते आणि अलीकडे विकलेही जाते. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलांच्या झोपेशी तिचा निकटचा संबंध असल्याने तिची प्रत्यक्ष रचना माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मांडावी, असे आम्हांस वाटले.

स्थान व आकार

ही ग्रंथी मेंदूच्या मध्यरेषेवर, द्रवाने भरलेल्या तिसऱ्या पोकळीच्या मागील बाजूस, आखूड देठाने जोडलेली असते. लांबी सुमारे ५ ते ८ मिलिमीटर व वजन साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या शेतातील तुरीच्या दाण्याएवढी. पाइन वृक्षाच्या शंकूसारख्या आकारामुळे तिला हे नाव मिळाले. मेंदूचे बहुतेक भाग डावा-उजवा अशा जोडीने असतात. ही मात्र एकच. म्हणूनच फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १७ व्या शतकात तिला आत्म्याचे मुख्य स्थान मानले होते.

अंतर्गत रचना व पेशी

ग्रंथीभोवती मृदुतानिकेचे पातळ आवरण असते. त्यापासून निघालेले पडदे आत शिरून तिचे लहान लहान खंड पाडतात. बालाघाटच्या डोंगरातील सीताफळ फोडल्यावर गराच्या पाकळ्या वेगळ्या दिसतात, तशीच काहीशी ही विभागणी असते.

या खंडांतील सुमारे ९५ टक्के पेशी पिनियल पेशी असतात. त्यांचे केंद्रक मोठे व फिकट असून त्यांना लांब शाखा फुटलेल्या असतात. शाखांची फुगीर टोके केशवाहिन्यांजवळ संपतात व तेथे संप्रेरक रक्तात उतरते. उरलेल्या बहुतेक पेशी आधार देणाऱ्या असून त्या मेंदूतील ताराकृती पेशींसारख्या असतात.

वय वाढते तसे ग्रंथीत कॅल्शियमचे सूक्ष्म खडे साठतात. त्यांना ‘मेंदूतील वाळू’ म्हणतात. प्रौढ माणसाच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘पिनियल कॅल्सिफिकेशन’ असे शब्द आढळल्यास घाबरू नये. ते बहुधा स्वाभाविक असते. लहान मुलाच्या अहवालात ते दिसल्यास मात्र डॉक्टरांचे मत घ्यावे.

कार्य

१९५८ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनावरांच्या पिनियल ग्रंथींतून मेलाटोनिन हे संप्रेरक वेगळे केले. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून प्रथम सेरोटोनिन व त्यापासून मेलाटोनिन तयार होते. त्याची निर्मिती रात्री वाढते व मध्यरात्रीनंतर शिखर गाठते.

रात्र झाल्याची वार्ता ग्रंथीला आडमार्गाने मिळते. दृष्टिपटलाकडून निघालेला संदेश मेंदूतील जैविक घड्याळाकडे जातो, तेथून मज्जारज्जूत उतरतो, मानेतील मज्जागंडिकेमार्गे पुन्हा वर चढतो आणि मग पिनियल पेशींपर्यंत पोहोचतो. डोळ्यांवर तेजस्वी प्रकाश पडला की मेलाटोनिन घटते, हे माणसाच्या बाबतीत १९८० साली सिद्ध झाले.

‘तिसरा डोळा’ : तथ्य किती?

मासे, बेडूक, सरडे यांच्यापैकी अनेकांत या भागातील पेशी स्वतः प्रकाश ओळखतात. आपल्या पिनियल पेशी त्याच कुळातल्या; दृष्टिपटलाच्या पेशींत आढळणाऱ्या काही सूक्ष्म रचना त्यांच्यातही दिसतात. परंतु मानवात त्यांची प्रकाश ओळखण्याची शक्ती उरलेली नाही. त्यामुळे पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे किंवा ‘तिसरा डोळा’ उघडून देण्याचे वर्ग ज्या शक्तीचा दावा करतात, तिला या ग्रंथीच्या रचनेत कोणताही आधार नाही. अशा प्रयोगांत मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश येथेही लागू पडतो. कष्टाचा पैसा पालकांनी अशा वर्गांत घालवू नये.

आपल्यासाठी बोध

आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पहाटेपूर्वी कोयता हाती घेणे आणि रात्री-अपरात्री गाडी भरणे, यांत त्यांचा अंधार व विश्रांती दोन्ही हिरावली जातात. मागे वसतिगृहात राहिलेल्या त्यांच्या लेकरांना तरी पूर्ण रात्र मिळावी. निजण्याच्या वेळी खोलीतील दिवे मालवावेत. शौचालयाच्या वाटेवर मंद, पिवळसर दिवा पुरेसा आहे. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवावा व सकाळी मुलांना मोकळ्या उन्हात आणावे. सुट्टीत घरी आलेल्या मुलांसाठीही पालकांनी हाच क्रम पाळावा.

तुरीच्या दाण्याएवढ्या या ग्रंथीला जागे करण्यासाठी कोणत्याही विधीची वा शुल्काची गरज नाही. तिला हवा असतो तो फक्त रात्रीचा अंधार, आणि तो आपल्या मुलांना देणे आपल्याच हाती आहे.