'फुल अँड फायनल'वर सही मागतात तेव्हा

काम पुरं झालं, बिल अठरा लाखांचं. समोरचा म्हणतो, "बारा घ्या आणि 'फुल अँड फायनल'वर सही करा, नाहीतर बसा वाट बघत." इकडे मजुरांचे पगार थकलेले. अशा वेळी काय करायचं?

आधी दबाव कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 15 नुसार गुन्हा करण्याची धमकी देऊन किंवा मालमत्ता बेकायदा अडकवून घेतलेली संमती ही बळजबरीची. खोट्या फौजदारी तक्रारीची धमकी त्यात बसते. रास्त दाव्याची बसत नाही. "पुढचं काम दुसऱ्याला देईन" ही तर निव्वळ घासाघीस, तिच्या जिवावर कोर्टाची पायरी चढू नका. हक्काचे पैसे अडवून घेतलेली सही मात्र मधल्या प्रांतात येते. विम्याच्या भरपाईच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने असा आर्थिक दबाव विचारात घेतला आहे, पण पुरावा मागून.

म्हणून सहीआधीच एक ईमेल पाठवा: मूळ करार, बिलाचा आकडा, केव्हा कुणी काय अट घातली आणि तुमची नड काय आहे. फोनवरची बोलणी ईमेलमध्ये उतरवा, "आज आपण असं म्हणालात" एवढं पुरे. व्हॉट्सॲपचे संदेश असतील तर ते पुसू नका आणि फोनही विकू नका, कारण पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं.

सही टाळता आली तर टाळाच. इंग्लंडमध्ये केवळ कमी रक्कम स्वीकारल्याने उरलेलं कर्ज सहसा फिटत नाही. आपल्याकडे कलम 63 मुळे घेणेकरी विनामोबदलाही बाकी सोडू शकतो. म्हणजे मोकळ्या मनाने केलेली ती सही खरोखरच सहा लाख बुडवते. करावीच लागली तर सहीशेजारी "हक्क राखून, दबावाखाली" असं लिहा. ते लिहू देत नसतील तर रक्कम खात्यात जमा होताच, त्याच दिवशी लेखी निषेध पाठवा.

ही घाई का? बोघारा पॉलिफॅब (2009) प्रकरणात विमेदाराने पावती दबावाखाली दिल्याची तक्रार लगेच केली होती आणि त्याचा दावा लवादापुढे जाऊ शकला. जीनस पॉवर (2014) मध्ये विमेदार सुमारे तीन आठवडे गप्प होता, दबावाचा तपशीलही मांडला नाही, आणि न्यायालयाने त्याला दारातूनच परत पाठवलं. आता क्रिश स्पिनिंग (2024) निकालानंतर लवादाचं कलम असेल तर हा तपास बहुतेक लवादच करतो. तिथेही तारखा पाहिल्या जाणारच.

बळजबरीचा करार आपोआप रद्द होत नाही. कलम 19 नुसार तो तुमच्या मर्जीवर रद्द करता येतो, म्हणून तशी स्पष्ट नोटीस द्या, वकिलामार्फत दिली तर बरं. रद्द करताना त्या कराराखाली मिळालेला लाभ परत करावा लागतो (कलम 64), पण मिळालेले बारा लाख तुमच्याच मूळ बिलाचे, ते त्यात वळते धरल्याचं नोटिशीतच लिहा. आणि त्यानंतर नव्या अटी मान्य असल्यासारखं वागू नका. आभाराचा एक गोड संदेशसुद्धा नडतो.

उलट बाजू असेल, म्हणजे वाढीव दर जबरदस्तीने उकळले गेले असतील, तर कलम 72 खाली दिलेले पैसे परत मागता येतात.

तुमची उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची असेल, तर आणखी एक मार्ग ध्यानात ठेवा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. निव्वळ बांधकामाची कंत्राटं या तरतुदीत बसतात का यावर वाद होतात, ते वकिलाला आधी विचारा. शेवटी मुदतीचं भान ठेवा: दबावाखाली दिलेली पावती वा करारनामा कोर्टाकडून रद्द करून मागण्याची मुदत, दबावाची वस्तुस्थिती कळल्यापासून, तीन वर्षं.