समुद्राचे नियम आणि आपली पाटी



मागच्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका गटाची बैठक होती. लिलाव आटोपल्यावर जेटीजवळच्या शेडमध्येच बसलो होतो. एका ताईंचे दोन हप्ते थकले होते. कारण विचारलं तर त्यांनी काही न बोलता पाटीवरचं फडकं बाजूला केलं. आत पापलेट होती, म्हणजे पापलेटची पिल्लं. माझ्या तळहातावर दोन मावतील एवढी. मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, एवढी लहान मासळी पकडायला बंदी आहे ना?" त्या म्हणाल्या, "मी नाय घेतलंय तर दुसरी घेतली. माझी पाटी मात्र रिकामी ऱ्हवतली."

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या पुस्तकात असं उत्तर नसतं. म्हणून या वेळच्या अभ्यासपानावर बचतीचं किंवा नोंदवह्यांचं न लिहिता समुद्रातल्या मासेमारीचे सरकारी नियम काय आहेत, ते कोण पाळायला लावतं, आणि त्यात आपण कुठे बसतो, हे लिहिते आहे.

मासे मोजायचे की मासेमारी?

बातम्यांमध्ये कधी कधी 'कोटा' हा शब्द येतो. काही देशांत सरकार दरवर्षी ठरवतं की अमुक जातीचा मासा एकूण इतके टनच पकडायचा. मग ते टन बोटींमध्ये वाटून देतात. रेशनसारखंच. आपला वाटा संपला की त्या माशापुरती मासेमारी बंद. नॉर्वे, आइसलँड अशा देशांत हे चालतं. तिथे एकाच जातीचा मासा मोठ्या प्रमाणात मिळतो आणि तो मोजून घेतला जातो.

कोटा ठरवला म्हणजे सगळं आपोआप नीट होतं असंही नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर कॉड नावाचा मासा शेकडो वर्षं मिळत होता. कोटा ठरवताना समुद्रात मासा खरा होता त्यापेक्षा जास्त धरला गेला, आणि 1992 साली सरकारला तिथली कॉडची मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. न्यूफाउंडलंड या एका प्रांतातच तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. त्यात बोटीवरचे पुरुष होते, तशा मासळीच्या कारखान्यात मासे साफ करणाऱ्या बायकाही होत्या.

आपल्याकडे असा कोटा नाही. एका जाळ्यात बांगडा, ढोमा, मांदेली, कोळंबी, माकुल सगळं एकत्र येतं. त्यातला बांगड्याचा वाटा संपला म्हणून तेवढा बांगडा जाळ्याबाहेर कसा ठेवणार? शिवाय महाराष्ट्रात मासळी उतरवण्याची केंद्रंच दीडशेच्या आसपास आहेत. प्रत्येक ठिकाणी माणूस बसवून जातवार वजन करणं सोपं नाही. म्हणून आपलं सरकार मासे मोजत नाही, मासेमारीवर बंधनं घालतं. कधी जायचं, कुठे जायचं, कुठलं जाळं टाकायचं, केवढा मासा पकडायचा. आपले सगळे नियम या चार प्रश्नांतच येतात.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्य सरकारच्या ताब्यात येतो. तिथे 1981 चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा लागतो. त्याच्या पुढे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्र सरकार. ही हद्द लक्षात ठेवा. तक्रार घेऊन गेल्यावर "ते आमच्या हद्दीत नाही" हे वाक्य पहिलं ऐकायला मिळतं.

बंदी, जाळं आणि माप

पावसाळी बंदी आपल्याला सांगायला नको. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. ही बंदी यांत्रिकी नौकांना आहे, बिगरयांत्रिकी पारंपरिक होड्यांना नाही. आपल्या घरात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं नाही ही रीत कायद्याच्या किती आधीपासून आहे. अनेक जातींचे मासे या दिवसांत अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून दोन्हींचा मेळ बसतो.

पण बंदी बोटीला असली तरी चूल आपल्या घरची थंड होते. जूनमध्येच शाळेच्या वह्या, गणवेश, कौलांची डागडुजी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मदत आहे. मच्छीमाराने 1,500 रुपये भरायचे, सरकार 3,000 घालतं, आणि ते 4,500 रुपये तीन महिन्यांत परत मिळतात. म्हणजे महिन्याला दीड हजार. यात काय भागतं ते तुम्हीच सांगा. तरीही ते सोडू नये. मासेमारी संस्थेचं सभासदत्व ही त्यातली एक अट आहे, आणि सभासद म्हणून नाव बहुतेक घरांत नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं. विक्री करणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसतं. हे आपण पुढे पाहू.

आता जाळं. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटी पिशवीसारखा भाग असतो, सगळी मासळी तिथे जमते. 2017 मध्ये महाराष्ट्राने आदेश काढला की या पिशवीचे आस 40 मिलिमीटरचे आणि चौकोनी असावेत. चौकोनी का? घरी करून बघा. साधी जाळीची पिशवी घ्या, आत थोडे कांदे टाका आणि दोन्ही टोकं धरून ताणा. शंकरपाळ्यासारखे आस मिटतात आणि भोकं बंद होतात. समुद्रात बोट जाळं ओढते तेव्हा असंच होतं. मग जाळ्याचं माप कागदावर कितीही मोठं असो, पिल्लं आतच अडकतात. चौकोनी आस ताणला तरी उघडा राहतो आणि लहान मासा निसटतो. हा नियम मला फार आवडतो, कारण त्यासाठी समुद्रात जाऊन कुणाला पकडावं लागत नाही. जाळं जेटीवर वाळत असतं तेव्हाही आस मोजता येतो.

पर्ससीन जाळ्यांबद्दल आपल्याकडे बरीच भांडणं झाली आहेत, मालवणच्या बाजूला तर विशेष. हे जाळं माशांच्या थव्याभोवती टाकतात आणि खालून बटव्यासारखं ओढून बंद करतात. पूर्ण थवा एकदम वर येतो. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या गावाच्या वाट्याला मग काय येणार? फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्यात पर्ससीनचे परवाने 494 वरून टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचं ठरलं, आणि ही मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर करायची असं बंधन आलं. एलईडी दिवे लावून मासे गोळा करणं तर केंद्राने 2017 मध्येच बंद केलं.

आणि माप. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट म्हणजे सरंगा 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. सेंटिमीटरमध्ये साडेतेरा, अठरा आणि सदतीस. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, हेही सांगून ठेवते.

आपण गटात हिशोब शिकतो तसा याचाही करून बघू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारभावाने घाला. समजा एका किलोत वीस पिल्लं बसली आणि 250 रुपये आले. तीच वीस समुद्रात राहिली. निम्मी मोठ्या माशांनी खाल्ली असं धरू. उरलेली दहा वाढून प्रत्येकी 300 ग्रॅमची झाली तर तीन किलो मासळी. किलोला 700 धरले तर 2,100 रुपये.

हिशोब सगळ्यांना पटतो. अडचण एवढीच की आज 250 सोडणारी एक आणि उद्या 2,100 मिळवणारी दुसरीच. त्या ताई हेच सांगत होत्या.

पकडणार कोण?

नियम कमी नाहीत, हे एव्हाना लक्षात आलं असेल. तरी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात 2018 ला 2 लाख 95 हजार टन मासळी मिळाली होती, ती 2019 ला 2 लाख 1 हजार टनांवर आली. 45 वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे बोटी बरेच दिवस बंदरात होत्या, हेही खरं. पण सगळा दोष वादळावर टाकता येणार नाही.

पूर्वी अडचण अशी होती की मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याने बोट पकडली तरी दंड ठरवायला प्रकरण तहसीलदारांकडे जायचं. तहसीलदारांच्या टेबलावर आधीच जमिनीचे, दाखल्यांचे, निवडणुकीचे ढीग. मासळी नाशवंत, प्रकरण मात्र महिनोन्‌महिने टिकाऊ! दंडही इतका किरकोळ की मोठा बोटमालक तो खर्चातच धरायचा. 2021 मध्ये कायदा बदलला. आता मत्स्यव्यवसाय खात्याचे सहायक आयुक्तच सुनावणी घेऊन दंड करू शकतात, आणि एलईडी मासेमारीसाठी दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत आहे. जानेवारी 2025 पासून राज्यात नऊ ठिकाणांहून ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. साखरी नाटे, मिरकरवाडा, देवगड, रेडी ही त्यातली आपल्या बाजूची ठिकाणं.

ड्रोन बोट दाखवेल. पण बोटीच्या पोटातलं पापलेट बारा सेंटिमीटरचं आहे की चौदा, हे ड्रोनला दिसत नाही. ते दिसतं जेटीवर. आणि जेटीवर मासळी निवडायला, लिलाव बोलायला, पाटी भरायला कोण असतं? खात्याचा एक अधिकारी कित्येक गावं सांभाळतो. आपण मात्र रोज पहाटे तिथेच असतो.

इथे एक भीती मला बोलून दाखवायची आहे. मापाच्या नियमाची सुरुवात पाटीवालीपासून झाली तर तो अन्याय होईल. पिल्लं तिने पकडलेली नाहीत. तिला दम देणं सोपं, कारण ती रस्त्याच्या कडेला बसलेली असते. ट्रॉलर पळून जातो. म्हणून तपासणी करायची तर आधी जाळं, मग बोट, आणि पाटी सगळ्यात शेवटी, असं आपण एका आवाजात म्हणायला हवं. तसं म्हणायचं तर आधी आपल्याला नियम पाठ हवेत.

त्या ताईंना काय सांगायचं?

गट सुरू झाला तेव्हाचे दिवस आठवा. "मी हप्ता भरला आणि तिने नाही भरला तर?" हा प्रश्न तेव्हाही होता. आपण काय केलं? नियम सगळ्यांनी मिळून ठरवला, नोंदवहीत लिहिला, उशिरा येणारीला दहा रुपये दंड लावला, आणि पहिला दंड अध्यक्ष ताईंनीच भरला. मग इतरांनी मुकाट भरला. एकटी बाई पिल्लं नाकारू शकत नाही, हे त्या ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण एका जेटीवर लिलावाला येणाऱ्या सगळ्याजणींनी ठरवलं की साडेतेरा सेंटिमीटरखालच्या पापलेटवर बोली लावायची नाही, तर बोटवाल्याला ती विकायची कुणाला? बाहेरचा व्यापारी येऊन उचलेल, हा धोका आहेच. त्याचं नाव आणि गाडीचा नंबर लिहून ठेवता येतो.

सुरुवात एका महिन्यासाठी आणि एकाच मासळीपासून करावी, असं मला वाटतं. सगळ्या 54 जाती एकदम घेतल्या तर चार दिवसांत भांडणं होतील. ज्या ताईचा त्या महिन्यात खराखुरा तोटा होईल तिच्या हप्त्याला मुदत द्यायची का, हे ग्रामसंघाने आधीच ठरवावं. तोटा एकीनेच सोसायचा असेल तर कुणी तयार होणार नाही, आणि होऊही नये.

बेकायदा मासेमारी दिसली तर तोंडी सांगून सोडू नका. तारीख, वेळ, जागा, बोटीचा नोंदणी क्रमांक दिसला तर तो, आणि असेल तर मोबाईलवरचा फोटो, असा साधा अर्ज ग्रामसंघाच्या लेटरहेडवर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नावाने द्या. एकटीच्या नावाने देऊ नका. गावात राहायचं असतं आपल्याला. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पुढे काय झालं हे विचारायला माहितीचा अधिकार आहे. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या ताईंना तेही लागत नाहीत. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. प्रश्न छोटे आणि नेमके ठेवा: गेल्या वर्षात आपल्या तालुक्यात किती बोटींवर कारवाई झाली, किती दंड लावला, त्यातला किती वसूल झाला. 'लावला' आणि 'वसूल झाला' हे दोन्ही शब्द अर्जात हवेतच.

आणि ते सभासदत्वाचं. आपल्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या उपविधीत सभासद होण्याच्या अटी काय आहेत, ते प्रत्येक गटाच्या सचिव ताईंनी विचारून यावं. मासळी विकणारी, सुकवणारी बाई त्यात बसते का? बसत असेल तर अर्ज भरायचे. बसत नाही असं सांगितलं तर ते लेखी मागायचं.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावण्याचं पत्र आपण देतो आहोत. पापलेट कुठून कुठपर्यंत मोजायचं ते त्यांनी आपल्यासमोर मोजून दाखवावं, अशी विनंती त्यात आहे. येताना मुलांच्या दप्तरातली पट्टी आणा. आणि ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवशीच्या लिलावातलं एक सगळ्यात लहान पापलेट बर्फात घालून आणा.