कुमुदिनी पाहायला जाताय? आधी पासवरची वेळ बघा

साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या सहलीचे पैसे भरण्याआधीच मी आयोजकाला विचारलं होतं, "कुमुदिनी तलाव सकाळीच दाखवाल ना?" "हो ताई, बिनधास्त राहा," असं त्यानं फोनवर सांगितलं आणि व्हॉट्सअॅपवर लिहूनही दिलं. तो मेसेज माझ्याकडे आहे. हे आधीच सांगते, कारण नंतर सहलीच्या ग्रुपवर "यांनी नीट विचारलं नसेल" असं बोललं गेलं.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं वर्ध्याहून रात्रभर प्रवास करून आम्ही साताऱ्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली ती सज्जनगड आणि ठोसेघरच्या धबधब्याकडे. कास नेमकं दुसऱ्या बाजूला. मी टोकलं, तर आयोजक म्हणे, "कुमुदिनी चांदण्यात उमलते ताई, संध्याकाळीच खरी मजा!" यवतेश्वरचा घाट चढून पठारावर पोचेस्तोवर तीन वाजून गेले होते.

फाटकापासून तलावापर्यंत 'राजमार्ग' म्हणतात त्या वाटेनं चांगलंच चालावं लागतं. सोबत आलेल्या माझ्या आईचे गुडघे धरलेले, तरी माझा हात पकडून ती चिखलातून, निसरड्या जांभ्या दगडावरून चालत राहिली. तलाव आला. पाण्यावर नुसती गोल हिरवी पानं, आणि पानांच्या मध्ये मऊ पडलेले, मिटलेले पांढरे ठिपके. आई म्हणाली, "मिटलेलीच दाखवाले आनलं काय रे बाप्पा?" पठाराची देखरेख करणाऱ्या समितीच्या मुलानं समजावलं, "आजी, ही सकाळी उमलतात, दुपार कलली की मिटतात. एक फूल एकच दिवस." मी त्याला पास दाखवला. त्यावर वेळ छापलेली होती, दुपारची. म्हणजे नोंदणी केली त्या दिवसापासून आयोजकाला हे ठाऊक होतं. सकाळच्या गटात जागा मिळाली नाही, हे तो आम्हाला वर्ध्यातच सांगू शकला असता.

परत गाडीत आलो तर आयोजकसाहेब सीटवर रेलून बसलेले. "निसर्गाची गॅरंटी मी कशी देणार?" निसर्गानं आपलं वेळापत्रक चोख पाळलं होतं, मोडलं ते यानं. अर्धे पैसे परत मागितले, तर दुसऱ्या दिवसापासून फोनच उचलला नाही.

आता जाणाऱ्यांसाठी.

चांदण्यात उमलणारी कमळं आहेत, पण ती वेगळी. कासची कुमुदिनी म्हणजे निम्फॉइडिस इंडिका, दिवसा फुलणारी. फूल जेमतेम रुपयाएवढं, मध्ये पिवळं, पाकळ्यांच्या कडांना कापसासारखी झालर. त्यामुळे काठावर थांबून, वाकून पाहावं लागतं. दुर्बीण असेल तर न्या. आमच्या वर्ध्याकडचं बोर धरण पाहिलेल्यांना हा तलाव डबकंच वाटेल, तेव्हा मोठ्या जलाशयाची अपेक्षा ठेवू नका.

हंगामात रोज किती माणसं आत सोडायची याला मर्यादा आहे आणि ऑनलाइन नोंदणी वेळेच्या गटांनुसार होते. सकाळचा पहिलाच गट घ्या. शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या टाळा. पैसे देण्याआधी पासचा फोटो मागा आणि त्यावरची वेळ स्वतः वाचा. शेवटचा हप्ता तलाव पाहून झाल्यावरच द्या.

फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पण पाऊस लांबला की तोही पुढे सरकतो. त्यामुळे तारीख पक्की करण्याआधी साताऱ्यात कुणाला तरी विचारा. वाऱ्यात छत्री टिकत नाही, रेनकोट घ्या. पकड असलेले बूट घाला. पाणी, औषधं जवळ ठेवा. वयस्कर माणूस सोबत असेल तर प्रवासानंतर एक दिवस विश्रांती ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काहीही पाहू नका.

वाट सोडून फुलांत शिरू नका. खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे, एका पावलाखाली सीतेची आसवं, गेंद अशी कितीतरी फुलं चिरडतात. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे. आमच्या गाडीतली माणसं सेल्फीसाठी आत शिरली, तेव्हा आयोजक त्यांचे फोटो काढत होता.

माणसं पारखून घ्या, असं सगळेच सांगतात. मी म्हणते, वेळ लेखी घ्या आणि पास हातात घ्या. "तिथं गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.