मान हलली, स्वर उमटला

विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि त्यांची दृष्टी खूपच अधू झाली. पुढे ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकले. 1901 साली त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले.

पलुस्करांचे डोळे अधू होते, पण गळा आणि हात शाबूत होते. ज्याला नीट बोलता येत नाही आणि ज्याची बोटेही वळत नाहीत, त्याने काय करावे? तो सारे ऐकतो. त्याच्या मनात स्वर येतात. ते बाहेर कसे यावेत?

मुलांनो, आपल्या उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे. अशा ठिकाणी शास्त्रीय गाणे ऐकताना गायक पुढच्या क्षणी कोणत्या स्वरावर जाईल, हे आपल्याला कळत नाही. रागाचे नियम पाळून तो आयत्या वेळी नवे सुचवत जातो. यालाच 'उपज' म्हणतात. म्हणून दिव्यांग मुलाला बटण दाबून तयार गाणे लावून दिले, तर त्याला संगीत आले असे मी म्हणणार नाही. त्याला ते ऐकायला मिळाले, एवढेच.

पहिली मदत बंगळूरहून आली. तेथील अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी 1979 साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. तानपुऱ्याच्या तारा सतत छेडाव्या लागतात. हे यंत्र एकदा चालू केले की आपोआप घुमत राहते. ते काही दिव्यांगांसाठी बनवले नव्हते. पण ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांचीही सोय झाली.

दुसरी मदत मात्र दिव्यांग मुलांसाठीच होती. अमेरिकेतील संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 च्या सुमारास 'ए. यू. एम. आय.' नावाची संगणक-प्रणाली तयार केली. संगणकाचा कॅमेरा मुलाकडे पाहत असतो. नाकाचे टोक किंवा असाच एखादा बिंदू निवडतात. पडद्यावर चौकोन असतात. मान हलली की तो बिंदू एका चौकोनातून दुसऱ्यात जातो आणि स्वर उमटतो. हालचाल अगदी थोडी असली तरी चालते.

समजा, अशा चौकोनांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर भरले. मग राग कोणता झाला? भूप? देसकार? दोन्हींचे स्वर हेच आहेत! भूपात गंधाराला मान आहे, देसकारात धैवताला. कोठे थांबायचे, कोठून परतायचे, हे संगणक ठरवत नाही. ते मान हलवणारा मुलगा ठरवतो. उपज त्याचीच असते.

अडचणीही आहेत. सुटे स्वर वाजले की मींड येत नाही. हार्मोनियमबद्दलही हीच तक्रार होती. 1940 ते 1971 या काळात आकाशवाणीवर त्या वाद्याला बंदी होती! यावर उपाय असा, की चौकोनांऐवजी हालचालीबरोबर स्वर सरकत जाईल अशी योजना करावी. दुसरी अडचण वेळेची. मान हलल्यावर आवाज यायला किंचित उशीर झाला, तरी समेवरची जागा हुकते. शेजारी तबला वाजत असेल तर हे लगेच कानाला खटकते. म्हणून वाद्य मुलाच्या हवाली करण्यापूर्वी शिक्षकाने ते ठेक्याबरोबर तपासून पाहावे.

शब्दार्थ
अधू – कमकुवत
शाबूत – धड, न बिघडलेला
मींड – एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता जाणे
सम – तालाची पहिली मात्रा

स्वाध्याय
1. तयार गाणे लावणे आणि उपज यांत कोणता फरक आहे?
2. पाच स्वर तेच असूनही भूप आणि देसकार वेगळे का?
3. 'जागा हुकणे' हा वाक्प्रचार तुमच्या वाक्यात वापरा.